जीपचं पोट दोन इंच वर

मला आमच्या जीपचं पोट जमिनीपासून दोन इंच वर न्यायचं होतं. बस, एवढंच. दोन इंच म्हणजे काडेपेटीची लांबी. मी घरावर माडी चढवत नव्हतो, वैनगंगेवर पूल बांधत नव्हतो, कुणाच्या वावरात भिंत घालत नव्हतो. तरीही बालाघाटच्या आमच्या वॉर्डात आज लोक माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतात, ती नजर ते एरवी निवडणूक हरलेल्या माणसासाठी राखून ठेवतात.

झालं असं. माझी मोठी बहीण गीताताई लामत्याच्या आत एका खेड्यात राहते. लामत्यापर्यंत डांबर आहे, बस आहे, चहा आहे. त्यापुढे फक्त ट्रॅक्टर. त्यांच्या चाकांनी रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत आणि मधे जो टणक उंचवटा उरला आहे, त्यावर गेल्या दिवाळीत आमची जुनी जीप पोटावर बसली. चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती आणि मी, वर्गात मुलांना उंचवटे आणि खोरी शिकवणारा भूगोलाचा मास्तर, स्टिअरिंग धरून बसलो होतो. मागे माझी माय, रुख्माबाई, बसली होती. शेवटी ती उतरली, उरलेला रस्ता पायी गेली, आणि तिचा गुडघा जो सुजला तो होळीपर्यंत उतरला नाही.

"आता तुह्या गाडीत मी गीताकडं येत नाही," तिनं सांगून टाकलं. "हे गाडी चालत नाही, लोळते."

यंदा गीताताईच्या मुलाला मुलगी झाली. बारसं दसऱ्याला ठरलं. म्हणजे आमची माय पणजी झाली. मोटारसायकलवर ती बसू शकत नाही, बस लामत्याला थांबते, आणि गीताताईच्या नवऱ्यानं बैलजोडी केव्हाच विकली. ताईनं फोनवर विचारलं, "माय, पोरीले मांडीवर घ्याले येशीन नं?" माय म्हणाली, "पाहू." एवढंच म्हणाली आणि फोन माझ्याकडे देऊन आत गेली. जरा वेळानं पाहतो तर ती आपल्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवत बसली होती. मी त्याच संध्याकाळी ठरवलं की जीप उचलायची, आणि दसऱ्याला मायला त्याच रस्त्यानं, त्याच जीपनं, बसल्या जागी गीताताईच्या दारात न्यायचं.

गाडी उंच करायची म्हणजे काय करायचं, याबद्दल आमच्या गल्लीत दुमत नव्हतं. प्रत्येकाचं एकेक मत होतं. समोरच्या भैयालालजींची पिठाची गिरणी आहे. ते म्हणाले, मोठी चाकं टाका. शेजारच्या तुळसाबाई नवऱ्याच्या मागे वेल्डिंगचं दुकान चालवतात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, गाडी काहून उचलता? रस्ता खोदून टाका नं." बाजारातल्या एका गॅरेजवाल्यानं तर पुढच्या ॲक्सलखाली सागवानाचे ठोकळे बसवून देण्याची तयारी दाखवली. ब्रेक दाबल्यावर ते ठोकळे कुठं जातील, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ठोकळे कहाँ जाएँगे? गाड़ी के साथ ही रहेंगे." त्याच क्षणी मी ठरवलं की हे काम घरी, अंगणात, स्वतःच्या हातानं आणि शिस्तीत करायचं.

बायकोनं, संध्यानं, हे शांतपणे ऐकून घेतलं. तिची शांतता मला कधीच मानवत नाही. "करा," ती म्हणाली. "पण गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर गेलात तं मी माहेरी जाईन, अन् मायले बी घेऊन जाईन."

तशी वेळच येणार नव्हती, कारण मी अभ्यास केला होता. नागपूरहून सामान मागवलं: जास्त कमान असलेले नवे पाटे, म्हणजे ज्यांच्यावर गाडीचं वजन झुलतं त्या पोलादी पट्ट्या, धक्के पचवणारे लांब शॉकअप, पाटे ॲक्सलला जखडणारे नवे यू-बोल्ट, आणि ब्रेकच्या लांब नळ्या. गाडी उचलली आणि नळ्या जुन्याच राहिल्या, तर त्या ताणून तुटतात, हे गल्लीत माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. मी ते सगळ्यांना सांगितलं. काहींना दोनदा.

सणाच्या गर्दीत पार्सल बालाघाटला न येता कटंगीला उतरलं. ते आणायला मी आणि अश्विन गेलो. अश्विन आमच्या शाळेत खेळ शिकवतो, दंडात जोर आहे, आणि नाही म्हणायला तो अजून शिकलेला नाही. बाजाराचा दिवस, बस गच्च, आणि आमच्या खांद्यावर काळे, वाकलेले, पुरुषभर पाटे. दसरा तोंडावर आलेला. बसमधल्या लोकांनी ती रामलीलेची धनुष्यं आहेत असं ठरवून टाकलं. एका म्हातारीनं हात लावून नमस्कार केला. कंडक्टरनं अश्विनकडे पाहून विचारलं, "आप राम हैं?" अश्विन लाजला. मी कोण, हे कुणी विचारलंच नाही. मागच्या सीटवरच्या एकानं माझ्या पोटाकडे पाहून परस्पर 'कुंभकर्ण' म्हटलं आणि सगळी बस समाधानानं हसली. बालाघाट येईपर्यंत मी खिडकीबाहेरची धानाची शेतं पाहत बसलो.

कायद्याचंही पाहायला हवं होतं. गाडीत बदल करायचा तर विचारून करावा, असं माझं मत. म्हणून जीप घेऊन सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूनं सौजन्यानं विचारलं, "क्या बदलना है? रंग?"

"ऊँचाई."

"किसकी?"

"गाड़ी की."

"इंजन वही? टायर वही?"

"वही."

"तो सर, बदला क्या?"

"अभी कुछ नहीं बदला. बदलना है."

"मतलब अभी आप जो गाड़ी लाए हैं, उसमें देखने लायक कुछ नहीं है." तो विचारात पडला. "बदलकर लाते, तो हम देख लेते. हाँ, मगर तब पूछते कि बिना पूछे क्यों बदला."

अखेर आतून एक साहेब आले, त्यांनी पाट्यांचा कागद पाहिला, जीपखाली वाकून पाहिलं आणि सांगितलं की दोन इंचांना हरकत नाही, अर्ज द्या आणि काम झाल्यावर गाडी दाखवून जा. मी अर्ज लिहिला. बाबूनं तो घेताना 'ऊँचाई' या शब्दाखाली रेघ ओढली आणि माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

आता हत्यारं. आमच्याकडे हत्यारं विकत घेण्याची पद्धत नाही. ती गल्लीत कुणाकडे तरी असतातच. भैयालालजींकडे गिरणीचं जातं उचलायचा दणकट जॅक होता. तुळसाबाईंच्या दुकानात चार लोखंडी घोड्या होत्या, गाडी उचलून ज्यांच्यावर टेकवतात त्या. बोल्ट किती आवळला हे मोजून दाखवणारा मोठा पाना अश्विनच्या घरी होता. तो त्याच्या बायकोला, दीपिकाला, तिच्या वडिलांकडून मिळाला होता आणि ती तो पाना देव्हाऱ्याशेजारी ठेवत असे. तिघांनीही आनंदानं दिलं. "न्या गुरुजी, आपलंच समजा," असं भैयालालजी म्हणाले. या वाक्यावर माणसानं विश्वास ठेवू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

अष्टमीला सकाळी कामाला लागलो. अंगण सिमेंटचं, सपाट. आधी चाकांना ठोकळे लावले, चाकांचे नट जमिनीवरच सैल केले, मग एकेक बाजू उचलून चासीच्या सांगाड्याखाली घोडी सरकवली. चारही घोड्यांवर जीप टेकली तेव्हा मी तिला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हलली नाही. मग अश्विननं हलवली. तरी हलली नाही. मग संध्या आली, पदर खोचला आणि तिनं अशी हलवली की मीच मागे सरकलो. पण जीप जागची ढळली नाही. खाली जाण्याआधी अश्विननं शिटी वाजवायची आणि बाहेर आल्यावर पुन्हा वाजवायची, असा नियम मी केला होता. तो त्यानं इतका मनावर घेतला की दुपारपर्यंत गल्लीतून जाणाऱ्या दोन ऑटोरिक्षा थांबल्या आणि पोस्टमन सायकलवरून उतरला.

जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांना तेल पाजलं, हातोडीनं समजावलं, एकाला मी शिवीही दिली आणि नंतर मायकडे पाहून परत घेतली. तुळसाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "गुरुजी, तुमाले नाही जमून राह्यलं." मी म्हणालो, "जमून राह्यलं." तो बोल्ट संध्याकाळी सुटला. तोवर मागचे दोन्ही पाटे बसले. पुढचा उजवाही बसला. पुढचा डावा अर्धवट लटकलेला, ॲक्सल त्या बाजूनं भैयालालजींच्या जॅकवर टेकलेला, आणि यू-बोल्ट सगळेच नुसते हातानं फिरवून ठेवलेले. आवळायचं काम उद्या सकाळी, दुपारी चाचणी, आणि परवा दसरा. मी आंघोळ केली, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि मायला म्हणालो, "माय, दुपटी बांधून ठेव."

उद्या खंडेनवमी होती, हे दोन पदवीधर मास्तरांच्या एकदाही लक्षात आलं नाही. आम्ही दसरा लक्षात ठेवला होता. त्याच्या आदल्या दिवशी काय असतं, ते विसरलो.

सकाळी फाटक वाजलं. भैयालालजी उभे होते. पांढरं धोतर, कपाळाला गंध, हातात रिकामी पिशवी.

"गुरुजी, जॅक द्या. पूजेले पाह्यजे."

मी जीपकडे पाहिलं. जॅक ॲक्सलचा भार पेलत बसला होता. मी तोंड उघडायच्या आत तुळसाबाई आल्या. त्यांनी दुकानातली सगळी हत्यारं धुवून पाटावर मांडली होती, त्यात घोड्यांची जागा मोकळी होती. "माह्या मालकानं त्या घोड्या आपल्या हातानं बनवल्या," त्या म्हणाल्या. "एक बी नवमी त्या घराबाहेर राह्यल्या नाहीत." आणि अश्विनचा चेहरा पाहूनच कळलं की दीपिकानं त्याला पाना घेतल्याशिवाय घरी येऊ नको असं सांगितलंय.

मी समजावलं. जॅक काढला तर ॲक्सल पडेल, घोड्या काढल्या तर जीप पडेल. भैयालालजी म्हणाले, समजलं, पण जॅकची पूजा झाली नाही तर वर्षभर गिरणी रडते. एकदा झालंय तसं. तुळसाबाई डोळ्यांत पाणी आणून नुसत्या घोड्यांकडे पाहत राहिल्या, आणि मला माझ्या दोन इंचांची लाज वाटली.

तोडगा मायनं काढला. ती ओट्यावरून म्हणाली, "हत्यार घरी नेता येत नाही तं पूजा इथंच करा. देव काय फाटकाबाहेर थांबते?"

मग काय! अर्ध्या तासात आमच्या अंगणात तीन घरांच्या आरत्या आल्या. भैयालालजींनी वाकून जॅकला हळदकुंकू लावलं. तुळसाबाईंनी चारही घोड्यांना झेंडूच्या माळा घातल्या आणि एकेकीवरून हात फिरवला. पाना पाटावर, अक्षतांत. दीपिकानं जीपच्या बोनेटवर स्वस्तिक काढलं. कुणीतरी ब्रेकच्या ड्रमला कुंकवाचं बोट लावायला गेलं आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "तिथं नाही!" ब्रेकला तेलकट काही लागलं तर गाडी थांबत नाही. सगळे क्षणभर माझ्याकडे नास्तिक म्हणून पाहत राहिले. मग आरती झाली, प्रसाद वाटला, आणि मी हात पुसून पाना उचलायला गेलो.

"अहो, हां हां!" भैयालालजींनी माझं मनगट धरलं. "पुजलेल्या हत्याराले आज हात नाही लावत. उद्या सकाळी अक्षता टाकून हालवायचं."

"पण उद्या सकाळी तर निघायचं आहे!"

"मंग उद्या सकाळी आवळा."

मी हार मानणारा नाही. सायकल काढली आणि पाना शोधायला बाजारात गेलो. त्या दिवशी बालाघाटातला एकेक पाना, पक्कड, हातोडी झेंडूच्या फुलांखाली झोपली होती. हार्डवेअरची शटरं अर्धी खाली, आत उदबत्त्या. सागवानी ठोकळेवाला गॅरेजमालक स्वच्छ कपड्यांत खुर्चीवर बसला होता. मला पाहून म्हणाला, "सर, आज तो हम ख़ुद भी ख़ुद को हाथ नहीं लगाते." त्यानं पेढा दिला. मी पाच ठिकाणी पेढे खाल्ले आणि रिकाम्या हातानं परत आलो.

अश्विन हळूच म्हणाला, "गजेंद्रभाऊ, बोल्ट हातानं तं बसलेच हायेत. चाकं लावून जाऊन येऊ."

मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. दुपटी बांधून दारात ठेवलेली होती. माय ओट्यावर बसून ती पुन्हा सोडत होती, पुन्हा बांधत होती. पण ज्या गाडीचे बोल्ट आवळलेले नाहीत, त्या गाडीत मी माझ्या मायला बसवणार नव्हतो. मग बारसं राहो, की जग राहो. मी सरळ जाऊन तिला सांगितलं, "माय, उद्या उशीर होईल. पण नेईन."

ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "तू म्हंतं तं होईन."

दसऱ्याला दिशा उजळायच्या आत मी तयार होतो. मला वाटलं होतं की एकेकाला उठवावं लागेल. पण फाटक उघडलं तर भैयालालजी, तुळसाबाई, अश्विन, दीपिका, सगळे आंघोळी करून आलेले. अक्षता पडल्या. भैयालालजींनी स्वतः जॅक सरकवला. डावा पाटा बसला. शॉकअप आणि ब्रेकच्या नव्या नळ्या लावल्या, नळ्यांतली हवा काढली. यू-बोल्ट मी समोरासमोरचे, थोडे थोडे, पाना टकटक वाजेपर्यंत आवळले. चाकं चढली, घोड्या निघाल्या, जीप जमिनीवर आली. मग तिचं वजन चाकांवर आल्यावर पाट्यांच्या टोकांचे बोल्ट आवळले, कारण ते हवेत असताना आवळले तर रबर पिळून फाटतं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकच्या नळ्या पाहिल्या. गल्लीत चार चकरा मारल्या, ब्रेक दाबले, परत येऊन सगळं पुन्हा तपासलं. मापपट्टी लावली. पूर्ण दोन इंच. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"चला," म्हणून मी मायला पाटावर चढवून पुढच्या सीटवर बसवलं. मागे वळून पाहतो तर मागची सीट भरलेली. भैयालालजी म्हणाले, "माह्या जॅकनं उचललेली गाडी आहे, पाहा तं लागन." तुळसाबाई पदर सावरून नीट बसल्या होत्या. अश्विन आणि दीपिका त्यांच्या शेजारी, आणि संध्या पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन. या लोकांना उतरा म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यांनी त्यांची नवमी माझ्या अंगणात केली होती.

लामत्यापर्यंत जीप सुरेख गेली. मग चाकोऱ्या आल्या, उंचवटा आला, आणि 'खर्रर्र' असा आवाज झाला. मी थांबवली. उतरून पाहिलं. गल्लीच्या वजनानं नवे पाटे दबले होते आणि माझे दोन इंच जमिनीला लागले होते. मायनं सीटवर हात टेकून उतरायची तयारी केली. ते मला फार लागलं.

तुळसाबाईच आधी उतरल्या. "उतरा सारे. माय बसून राहू द्या." पुरणपोळ्यांचा डबाही उतरला. जीप अंग झाडून वर आली. मी पहिल्या गियरमध्ये, श्वास धरून, उंचवटा पोटाखाली घेतला. काही लागलं नाही. पुढे मी आणि माय, मागे नवे कपडे घातलेलं सगळं मंडळ चिखलात वहाणा हातात घेऊन चालत. धानाच्या खाचरांमधून लोक उभं राहून पाहत होते. मी या वेळी मान खाली घातली नाही.

गीताताईच्या अंगणात जीप थांबली तेव्हा बाकी कुणी अजून पोचलं नव्हतं. चढायचा पाट घरी राहिला होता. मायला एवढ्या उंचावरून उतरता येईना. ताई बाळाला घेऊन धावत आली. मग ताईनं हात उंच करून बाळ वर दिलं आणि मायनं ते दुपट्यात घेऊन मांडीवर ठेवलं. मला रडू आलं. आलं तर आलं, माझी माय होती.

"गज्जू," माय म्हणाली, "गाडी अशीच राहू दे थोडा वेळ."

नव्या कामाचे बोल्ट पहिल्या प्रवासानंतर पुन्हा पाहायचे असतात. मी हँडब्रेक ओढला, चारही चाकांना दगड लावले आणि पाना घेऊन खाली शिरलो. वर मायनं हलक्या आवाजात पाळणा म्हणायला सुरुवात केली. माझ्या नाकासमोर पाटा अगदी मंद खालीवर व्हायला लागला.

"माय, हालू नको नं, बोल्ट पाहून राह्यलो!"

"मी नाही हालून राह्यली रे," वरून आवाज आला. "गाडीच हालून राह्यली. पोरगी झोपली, तू आवाज नको करू."

मी पाना छातीवर ठेवला आणि पोरगी उठेपर्यंत तसाच खाली पडून राहिलो.